लेव्हल पंधराची बाई

स्विचचा पासवर्ड मी ब्लाउजमध्ये ठेवायचे.

कागदाची चौकोनी घडी, घामाने शाई फुटू नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीला सेफ्टी पिन. खरं तर पासवर्ड मला तोंडपाठ होता. तरी कामाची वेळ आली की मी भिंतीकडे तोंड करायचे, चिठ्ठी काढायचे, वाचल्यासारखं करायचे आणि पुन्हा आत खोचायचे. खात्यातल्या पुरुषांना कुठे बघावं ते कळायचं नाही. एकजण तर दर वेळी पंख्याकडे बघत बसायचा. मला कोण आनंद! चव्वेचाळीस वर्षांची बाई, घरात कॉलेजात जाणारा मुलगा, आणि थाट असा की किल्ल्याच्या दरवाजाची चावी हिच्याच कनवटीला.

हे आठवायचं कारण माझी नात. तिने लॅमिंग्टन रोडवरून कोणाचा तरी जुना स्विच आणलाय. तो आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडून ती नेटवर्कच्या परीक्षेचा अभ्यास करते, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. परवा विचारत होती, "आजी, लेव्हल शून्यापासून पंधरापर्यंत असतात, पण सगळे एक नाहीतर पंधराच वापरतात. मधल्या कशाला दिल्यात? कोणी वापरतं तरी का?"

"मी वापरली होती. पाचवी."

"मग?"

"मग काय, गाढवपणा केला."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. करतेच, पण त्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईची. तिची चेष्टा करायचा हक्क मला आहे, तिने मला फार लाज आणलीय.

परळच्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. रक्त, लघवी, थुंकी, सगळ्याचे रिपोर्ट मिळायचे. टायपिस्ट म्हणून लागले. मग कॉम्प्युटर आले, साहेबांनी कोर्सला पाठवलं आणि होता होता ऑफिसचं नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं. नेटवर्क म्हणजे मुख्यत्वे एक स्विच. आमच्या सासूबाईंना तो दिव्याचा वाटायचा, तसा नव्हे. पितळी डब्यापेक्षा चपटी, लोखंडी पेटी. तिच्या तोंडाला चोवीस भोकं, एकेका भोकातून एकेक वायर निघून काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जाते. पेटीशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या. चित्रं नाहीत, बटणं नाहीत.

आणि ही पेटी माणसं ओळखते. साधं नाव सांगून आत गेलात की पडद्यावर बाणाचं टोक दिसतं. ही लेव्हल एक. चार गोष्टी बघा, हात लावू नका. मग 'एनेबल' लिहायचं, मोठा पासवर्ड द्यायचा, की बाणाच्या जागी जाळीचं चिन्ह येतं. ही लेव्हल पंधरा. आता काहीही करा, अख्खं ऑफिस बंद पाडा, कोणी विचारणार नाही. मधल्या लेव्हल रिकाम्या असतात. तिथे कोणाला काय करू द्यायचं ते पंधरावाल्याने ठरवायचं.

पंधरावाली मी एकटीच.

मग एक मुलगी आली. सव्वीस वर्षांची, ऑफिसपासून दहा मिनिटांवरच्या चाळीत राहणारी. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरंच काही करून बघितलं, टिकलं काहीच नाही. हिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. नीट गेले तर कायम. नाहीतर हातात अनुभवाचा दाखला. कायम झाली असती तर त्यांच्या घरात गिरणीनंतरची पहिली कायम नोकरी. तिची आई रोज संध्याकाळी विचारायची म्हणे, "आलं का गं पत्र?" सहा महिने व्हायच्या आधी पत्र येत नसतं, हे तिला कोणी समजावू शकलं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला लेव्हल एक दिली आणि ऐटीत समजावलं, "तुला बघता येईल. हात लावता येणार नाही."

ती हसली. "म्हणजे आमच्या आजीची विहीर."

"कसली विहीर?"

"गावची. तिला बघता यायची. पाणी दुसऱ्या कोणीतरी वरून ओतायचं, ओंजळीत." तिने अगदी सहज सांगितलं, स्टेशनवर गर्दी होती असं सांगावं तसं. तिचं गाव आणि माझं सासरचं गाव यांच्यामध्ये एकच खाडी आहे. मीही हसले. ती हसत होती ना, मग मी पण. पुढे म्हटलं, "तसं नाही गं, अनुभव आला की वाढवू." आणि चहा मागवला.

हुशार होती. तिसऱ्या आठवड्यात कुठली वायर कुठल्या काउंटरला जाते ते तिला माझ्याइतकं माहीत झालं. चौथ्या महिन्यात साहेब म्हणाले, "बाई, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर आम्ही काय टाळ वाजवायचे? हिला थोडे अधिकार द्या." म्हणून मी लेव्हल पाच तयार केली. त्यात तिला 'शो' ही आज्ञा दिली. 'शो' म्हणजे दाखव. त्याच्यापुढे काय दाखवायचं ते लिहायचं, कुठल्या भोकातून किती वाहतंय, कुठलं बंद आहे, कोणी कधी काय केलं. शिवाय एखादं भोक बंद करायचा आणि उघडायचा अधिकार दिला. बाकी सगळं माझ्या पिनेला.

इथे सासूबाईंचं फडताळ सांगायला हवं, ते सोडून पुढे जाता येत नाही.

लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंचं राज्य होतं आणि त्या राज्यातही लेव्हल होत्या. कोणी उंबऱ्यापर्यंत, कोणी खाटेपर्यंत, कोणी चुलीपर्यंत. फडताळापर्यंत कोणीच नाही. त्यात त्यांचा वर्षाचा मालवणी मसाला. मी त्या घरात वीस वर्षं मसाला मागून घेत होते आणि त्या चमच्याने मोजून देत होत्या. "तुज्या हाताक अंदाज नाय गो," असं वर ऐकवायच्या. एकदा भाच्याच्या लग्नाला गावी गेल्या. मी मसाल्याला हात लावीन या धास्तीने फडताळाला कुलूप घालून चावी कमरेला लावून गेल्या. संध्याकाळी मी चहा करायला गेले तर चहापूड फडताळात. साखर फडताळात. मीठ, हिंग, गूळ, सगळं फडताळात! सासरे खाटेवर बसून आमटीचा भुरका मारून म्हणाले, "एक बरणी राखायला गेली आणि आम्हाला आजाऱ्याचं जेवण घातलं."

हा किस्सा मी ऑफिसात नकलेसकट सांगितला होता. पदर खोचून, चावी कमरेला लावून, सगळं. सगळ्यात जास्त हसली ती मुलगी. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

मग तो सोमवार. त्याच्या आदल्या शनिवारी दोन काउंटर पंधरा-वीस मिनिटं बंद पडली होती. मी साहेबांना सांगितलं होतं की वायरी जुन्या झाल्यात, उंदरांनी कुरतडल्या असतील. सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी सहज विषय काढला, तर ही पुढे झाली. "साहेब, स्विच नोंद ठेवतो. मी बघितली." आणि तिने छापलेला कागद पुढे केला. त्यात अमुक वाजता अमुक नावाने ती भोकं बंद झाली, अमुक वाजता त्याच नावाने उघडली, असं स्वच्छ. नाव माझं. शनिवारी घाईत मी चुकीचा आकडा दाबला होता आणि तोंड बंद ठेवलं होतं.

तिने वाईट हेतूने केलं नाही. तिला नाव बघायची अक्कल नव्हती असंही नाही. नोंद म्हणजे नोंद, ती साहेबांना दाखवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाई, उंदराला पासवर्ड कोणी दिला?"

हसले सगळे. पंख्याकडे बघणारासुद्धा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, आणि आतून अशी भाजले की बास. त्या दिवसापासून कोणी काही चुकलं की "उंदीर आला वाटतं" म्हणायची खात्यात पद्धतच पडली.

बुधवारी संध्याकाळी मी स्विचसमोर बसले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, मी रजा घेतली होती, गिरगावला भावाकडे जेवण होतं. निघायच्या आधी मी चिठ्ठी काढली, जाळीच्या चिन्हावर गेले आणि एक ओळ लिहिली. 'शो'मधला तो नोंदींचा भाग लेव्हल पाचमधून उचलून पंधरावर नेऊन ठेवला. आता बघ म्हटलं नोंदी. एवढंच करायचं होतं मला. त्या बाईला, म्हणजे मला, तेव्हा एवढंच वाटत होतं. निघताना तिला "उद्या सांभाळ हां" असंही गोड आवाजात म्हणाले.

नवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. सकाळपासून झाडलोट, कॉम्प्युटरला हळदकुंकू, झेंडूच्या माळा, स्विचच्या पेटीलासुद्धा एक. आणि त्या झाडलोटीत आमच्या सफाईवाल्या मावशींना काउंटरखाली एक वायर लोंबताना दिसली. तिथे स्विचच्या वायरीला फाटे फोडणारा चार भोकांचा एक छोटा स्वस्त डबा होता, त्याला लोंबणारीचं एक टोक लावलेलं, दुसरं मोकळं. पूजेच्या दिवशी असं लोंबतं बरं दिसत नाही म्हणून मावशींनी ते मोकळं टोक त्याच डब्याच्या रिकाम्या भोकात बसवलं, डबा पुसला आणि वर एक फूल ठेवलं.

त्या डब्याला अक्कल बेताची. एका भोकातून गेलेलं दुसऱ्यातून परत आलं, ते पुन्हा गेलं, पुन्हा आलं, आणि गरागरा फिरत सगळ्या ऑफिसात पसरलं. आरती संपेपर्यंत एकेक काउंटर थिजलं.

मी भावाच्या घरी पाटावर होते तेव्हा फोन वाजला.

"मॅडम, सगळी काउंटर बंद. स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत, थांबतच नाहीत."

"कुठेतरी फेरा पडलाय. शो टाक, कुठल्या भोकात आकडे पळतायत ते बघ, आणि ते बंद कर. दोन मिनिटांचं काम."

"टाकलं. घेत नाही."

"नीट टाक."

"नीटच टाकलंय. अशी आज्ञा नाही म्हणतोय."

"अगं, एस, एच, ओ..."

"मॅडम, मला शो लिहिता येतं."

तिच्यामागे लोकांचा गलका ऐकू येत होता.

"आजच्यापुरता मोठा पासवर्ड सांगाल का?"

"फोनवर पासवर्ड सांगायचा नाही. नियम आहे."

नियम कोणी केला? मीच. वायरीवरून कोणी चोरून ऐकेल म्हणून. जसं काही अख्खं मुंबई शहर आमच्या लघवीच्या रिपोर्टांवर टपून बसलं होतं. "येते मी," म्हटलं, आणि फोन ठेवला. आणि वाटीतलं श्रीखंड संपवलं. हो, संपवलं. माझी खात्री होती की पोरीने काहीतरी घोळ घातलाय, आणि मी जाऊन दोन मिनिटांत सोडवीन, आणि मग उंदराचं नाव कोणी काढणार नाही.

टॅक्सी झेंडूवाल्यांच्या गर्दीतून मुंगीच्या पावलाने सरकली. परळला पोचले तर रांग जिन्यापर्यंत. एक म्हातारे गृहस्थ पिशवी छातीशी धरून पुन्हा पुन्हा विचारत होते, रिपोर्ट मिळेल ना, दुपारची एसटी आहे, तिकडे डॉक्टर थांबलेत. एका बाईचं पोर रडून रडून झोपलं होतं.

आणि ती काउंटरखाली गुडघ्यांवर. ओढणी कमरेला बांधलेली, केसांत झेंडूच्या पाकळ्या आणि जळमटं. बघता येत नव्हतं, म्हणून तिने स्विचच्या वायरी हाताने एकेक उपटायला घेतल्या होत्या. एक काढायची, दिवे बघायचे, परत लावायची, दुसरी काढायची. प्रत्येक वेळी लोक ओरडायचे, कारण त्यांना वाटायचं ही अजून बिघडवतेय. चौदाव्या वायरीला दिवे शांत झाले. मग ती वायर धरून सरपटत काउंटरखाली, थेट त्या डब्यापर्यंत. मी दारात पाय ठेवला आणि तिने मावशींनी बसवलेलं टोक उपटलं.

काउंटर सुरू झाली. म्हाताऱ्यांचा रिपोर्ट निघाला आणि ते जिन्यावरून जवळजवळ धावत गेले.

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "अगं, वायरी अशा हाताने उपटायच्या नसतात."

साहेब घामाघूम. "दोन तास, बाई. तुम्ही म्हणता दोन मिनिटांचं काम."

"साहेब, शो चालत नव्हतं," ती म्हणाली.

"असं कसं होईल?" मी बसले, चिठ्ठी, भिंत, सगळा सोहळा केला, आणि 'शो' लिहिलं. पडदा भरभर भरला. "चालतंय की."

तिने पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. हे सगळं कधी सुरू झालं ते बघावं म्हणून मी नोंदी उघडल्या, आणि पहिलीच ओळ आदल्या संध्याकाळची. माझं नाव, वेळ, बदल केला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पेटी अशी आहे की 'शो'मधलं आतलं एक काहीतरी वर उचललं की त्याच्यासोबत त्याची मूळ आज्ञाही वर जाते. नोंदी लपवायला गेले आणि 'शो'च पंधरावर नेऊन ठेवला. खाली ती आंधळी. आणि मी वर, मला सगळं दिसतंय, म्हणून मी तिलाच खोटं ठरवलं.

साहेब विचारत होते, "मग चूक हिचीच?"

"बघते मी," म्हटलं. एवढेच दोन शब्द. बाकीचे तोंडातून निघाले नाहीत.

"बघा. उद्या दसरा. परवा मला हिच्या कायम करायच्या फाइलवर शेरा लिहायचाय." आणि ते तिच्यासमोरच म्हणाले, "साधा शो लिहिता येत नसेल तर अवघड आहे."

दसऱ्याला सकाळी मी पूजा उरकली, आपट्याची पानं रुमालात बांधली आणि लालबागहून परळला चालत निघाले. चालत, कारण बसने गेले असते तर लवकर पोचले असते. सहा महिने शेजारी बसून जेवत होतो, पण तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. खात्यातल्या प्रत्येकाकडे गेले होते, सत्यनारायणाला, बारशाला, गणपतीला. तिच्याकडे जायचं काही निघालंच नाही, असं मी मला सांगत होते. मध्येच विहीर आठवली. मी त्यावर हसले होते आणि चहा मागवला होता.

त्यांच्या चाळीत त्या दिवशी सगळीकडे पांढऱ्या साड्या. सगळे दादरला निघायच्या तयारीत. पुढच्या खोलीत पाहुणे मावत नव्हते. मी दारात पानं घेऊन उभी, तर तिची आई आली.

"तुम्हीच मॅडम? या की आत. दारात काय उभ्या? इथे बसायला जागा नाही, आतच या सरळ." मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवरून एक वाटी काढली, ओट्यावर ठेवली, आणि माझ्या हातात पळी दिली. "जरा खीर ढवळता का? खाली लागेल. मी साडी नेसून आलेच."

गेल्यासुद्धा. मला त्या घरात येऊन चार मिनिटं झाली नव्हती आणि त्यांच्या सणाची खीर माझ्या हातात होती. साखरेचा डबा उघडा, वेलचीची पुडी उघडी, शेजारी मसाल्याची बरणी, तिला ना कुलूप ना काही.

मुलगी आत आली. मला खीर ढवळताना बघून दारातच थांबली. पांढऱ्या साडीत वेगळीच दिसत होती.

मी मागे न बघता बोलले, पळीशी बोलावं तसं. "शो मी बंद केलं होतं. म्हणजे करायचं नव्हतं. नोंदी लपवायच्या होत्या तुझ्यापासून. त्याच्यासोबत सगळंच गेलं."

"उंदरामुळे?"

"हो."

मागे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सासूबाईंचं फडताळ केलंत."

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण लगेच गेलं. "काल घरी येऊन मी वहीत लिहून बघितलं, मॅडम. एस, एच, ओ, डब्ल्यू. दहा वेळा. मला वाटायला लागलं, खरंच आपल्याला येत नाही की काय."

मी ढवळायचं विसरले.

"आईला सांगितलं नाही अजून," ती म्हणाली. "तिला वाटतंय या आठवड्यात पत्र येणार. उद्या साहेबांना सांगाल?"

"सांगेन."

"लेखी?"

ही सव्वीस वर्षांची पोर. मी वळून बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"लेखी," म्हटलं.

"मग ढवळा नीट. लागतेय खाली."

मी वाटीभर खीर खाऊनच निघाले. आपट्याची पानं तिच्या आईने तसबिरीपुढे ठेवली आणि मला म्हणाली, "आमच्या पोरीला नीट शिकवा हां, तुमचं फार नाव घेते."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या टेबलावर दीड पान ठेवलं. शनिवारचा उंदीर, बुधवारची ओळ, गुरुवारचं 'चालतंय की', सगळं. गोष्टीत असतं तसं मी बाणेदारपणे "जे होईल ते होवो" वगैरे म्हटलं नाही. साहेब वाचत होते तेव्हा मी विचारलं, "हे थोडं थोडक्यात लिहिता येईल का?"

"बाई, हे तुमच्या फाइलला लागेल. खात्याची मुख्य म्हणून तुमचं नाव वर गेलंय, ते अडकेल."

"अडकू दे," म्हणायला मला एवढा वेळ लागला की साहेबांनी मध्ये एक फोन घेतला.

अडकलं. दोन वर्षं अडकलं. मला मेमो मिळाला आणि तिच्या फाइलवर साहेबांनी शेरा लिहिला. शेरा तिने मला नंतर दाखवला होता. हातात काही साधन नसताना दोष शोधून काढला, असं लिहिलं होतं. पत्र आलं त्या संध्याकाळी ती लवकर घरी गेली. दुसऱ्या दिवशी डब्यात खीर. मी म्हटलं, "आज काय सण?" तर म्हणाली, "आई म्हणते, ती ढवळणारी बाई चांगली होती."

मी तिला लेव्हल पंधरा दिली. भिंतीकडे तोंड न करता चिठ्ठी काढून तिच्या हातात ठेवली. तिने उघडलीसुद्धा नाही. "मॅडम, आधी हा पासवर्ड बदलू. तुमची ही चिठ्ठी अख्ख्या खात्याने बघितलीय." मग तिने आणखी एक ओळ लिहिली. नोंदी बघायचा अधिकार तिने पंधरावरून काढून थेट एकवर आणला. "ज्याला आत येता येतं त्याला कोणी काय केलं ते दिसलं पाहिजे. माझं नाव आलं तरी." पेटीपुढे बसून तिने हे इतक्या सहज केलं, की मी तिला त्या दिवसापासून मला ताई म्हणायला सांगितलं. तिने लगेच म्हटलं नाही. महिनाभर गेला असेल.

फडताळाचं म्हणाल तर ते सासूबाई असेपर्यंत उघडलं नाही. स्विच बदलला, सासूबाई बदलल्या नाहीत.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्यामागे खात्याची मुख्य तीच झाली. शेवटच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, पंख्याकडे बघणाऱ्याने उंदराचा किस्सा सांगितला. मग आम्ही दोघी स्विचच्या खोलीत गेलो. निवृत्त माणसाचे अधिकार त्याच दिवशी काढायचे असतात.

"ताई, आत्ता काढू की तुम्ही गेल्यावर?"

"आत्ता. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच, मेला."

तिने चार ओळी लिहिल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी नाव सांगितलं, आत गेले. जाळी नाही, बाणाचं टोक. तिने मला एकवर आणलं होतं, संध्याकाळपर्यंत. मी नोंदी मागितल्या. मिळाल्या. सगळ्यात शेवटची ओळ तिच्या नावाची, मिनिटापूर्वीची, बदल केला म्हणून.

"दिसतंय ना?" तिने मागून विचारलं.

"दिसतंय," म्हटलं. मग बाहेर पडायची आज्ञा लिहिली, उठले, आणि आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आई वाट बघत होती, खीर ढवळायला.